काळ्या काचांची कॅम्परव्हॅन: भाड्याने घ्यायच्या आधी हे वाचा

निकाल आधी सांगते. गाडी चांगली आहे. पलंग ऐसपैस, शेगडी नीट पेटते, फ्रिज रात्री कुरकुरत नाही आणि एवढ्याशा न्हाणीत पाणी खरोखर गरम येतं. पण जाहिरातीत ज्यांचं सगळ्यात जास्त कौतुक होतं, त्या ‘संपूर्ण प्रायव्हसी’वाल्या काळ्या काचांसाठी मी पुन्हा एक पौंडही जास्त देणार नाही. का ते सविस्तर लिहिते. मिरज-सांगली-पुण्याहून आईवडील आले की त्यांना फिरवायला अशा गाड्या घेणारी आपली मंडळी इंग्लंडात बरीच आहेत, आणि कंपन्यांच्या वेबसाइटवर बघावं तर नुसते सूर्यास्ताचे फोटो.

आम्ही कॉव्हेंट्रीत राहतो. पूर्वी आमची स्वतःची जुनी कॅरॅव्हॅन होती. तिला ओढणारी मोठी गाडी विकली तेव्हा तीही गेली, आणि तेव्हापासून उन्हाळ्यात भाड्याचं काहीतरी शोधायचं असं चालू आहे. यंदा सासूबाई (मी त्यांना आईच म्हणते) आलेल्या, त्यामुळे चौघांची सोय हवी होती. फियाट ड्युकॅटोवर बांधलेली सहा मीटरची व्हॅन मिळाली. मागे आडवा पलंग, छत उचललं की वर आणखी दोघांची जागा. साध्या गाडीपेक्षा काळ्या काचांच्या गाडीला रोजचे आठ पौंड जास्त होते. नवऱ्याने ते हौसेने भरले. कॅम्पसाइटवर सगळे आपल्या ताटात बघतात असा त्याचा जुना समज आहे. तो वाड्यात वाढला, सहा बिऱ्हाडांत एक नळ. कुणाकडे कुठली भाजी शिजली हे ताट वाढायच्या आधी सगळ्यांना माहीत. त्यामुळे त्याला दार लावलेलं आवडतं, यात मला काही वावगं वाटत नाही. गंमत अशी की त्याच वाड्यात जन्म काढलेल्या त्याच्या आईला दार उघडं लागतं.

आता काचांबद्दल. ‘काळ्या काचा’ या एका नावाखाली कंपनीने तीन वेगवेगळ्या गोष्टी विकल्या आहेत, त्या आधी वेगळ्या करायला हव्यात. सरकत्या दाराची आणि मागच्या दोन दारांची काच मुळातच गडद रंगाची आहे. तिला नाव ठेवायला जागा नाही. पुढची मोठी काच आणि ड्रायव्हरच्या शेजारच्या दोन्ही काचा स्वच्छ आहेत, आणि त्या तशाच असायला हव्यात. इथल्या नियमानुसार १ एप्रिल १९८५ नंतरच्या गाडीच्या समोरच्या काचेतून किमान ७५ टक्के आणि पुढच्या बाजूच्या काचांतून किमान ७० टक्के उजेड आत आला पाहिजे. मागच्या काचा कितीही काळ्या करा, कुणी विचारत नाही. (आपल्याकडे हे लाड नाहीत. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काळ्या फिल्मवर बंदी आणली तेव्हा माझ्या दिरांनी हेअर ड्रायर आणि ब्लेड घेऊन अख्खी दुपार गाडीच्या काचा खरवडल्या होत्या.)

तिसरा प्रकार ओट्यामागच्या खिडकीचा, आणि माझी खरी तक्रार तिथे आहे. ती खिडकी काचेची नाहीच, ॲक्रिलिकची आहे. कॅरॅव्हॅनच्या बहुतेक खिडक्या अशाच असतात, दोन पदरी, वजनाला हलक्या, वरच्या बाजूला बिजागरी आणि खालून ढकलून उघडायच्या. त्यावर कंपनीने आपल्या हाताने काळी फिल्म डकवली आहे. असं करू नये. काळी फिल्म ऊन पिते, ती उष्णता ॲक्रिलिकमध्ये अडकते आणि त्यात केसासारख्या बारीक चिरा पडत जातात. फिल्मचा गोंद मानवला नाही तर तेही निमित्त पुरतं. आमच्या खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात बोटभर लांबीचं चिरांचं जाळं होतं आणि मधोमध तीन बुडबुडे. गाडी ताब्यात घेतानाच मी फोटो काढून ठेवले. तुम्हीही काढा. ॲक्रिलिकची खिडकी बदलणं स्वस्तातलं काम नाही आणि डिपॉझिट तुमचं असतं.

आम्ही गेलो यॉर्कशायर डेल्समध्ये, वॉर्फ नदीच्या खोऱ्यात, ग्रासिंग्टनच्या पलीकडे. एका शेतावरची पाच गाड्यांची जागा. १९६० च्या कॅरॅव्हॅन साइट्सच्या कायद्यात एक सोय आहे: मान्यताप्राप्त क्लबने दाखला दिला की शेतकऱ्याला वेगळा परवाना न काढता पाचपर्यंत कॅरॅव्हॅन उभ्या करू देता येतात. त्यामुळे देशभर अशा छोट्या जागा आहेत. नळ, विजेचा खांब, संडासाची टाकी रिकामी करायची जागा, चुनखडी दगडाची कुंपणं आणि मेंढ्या. बस्स. एका रात्रीचे वीस पौंडांच्या आतबाहेर. मोठ्या साइटवरचं दुकान, मुलांचा खेळाचा कोपरा, गेटवरचा वॉर्डन यातलं काही नाही. मला स्वतःला हेच आवडतं. या जागेला पाचपैकी साडेचार. अर्धा गुण नळाशेजारच्या चिखलाचा.

दोन गाड्यांत सहा मीटर अंतर ठेवायचा इथे नियम आहे. तो आगीच्या भीतीने आलेला आहे, तुमच्या-माझ्या खाजगीपणासाठी नव्हे. सहा मीटर म्हणजे जेमतेम वीस फूट. तेवढ्यात शेजारच्यांची किटली शिटी देते ती ऐकू येते, त्यांच्या रेडिओवरच्या क्रिकेटचा स्कोअर कळतो आणि आमचं छत तर कापडी, त्यामुळे वर झोपलेल्याचं घोरणंही गावभर. काच काळी असो की गोरी, कान उघडेच. बोलण्यापुरतं म्हणाल तर मराठी हाच आमचा पडदा होता.

आणि दाराचं काय? हे मला कुठल्याच रिव्ह्यूमध्ये वाचायला मिळालं नव्हतं. इंग्लंडात बनलेल्या कॅरॅव्हॅनचं दार बहुधा डाव्या अंगाला असतं. सगळ्यांनी एकाच दिशेला तोंड करून गाड्या लावल्या की एकाचं दार दुसऱ्याच्या बिनदाराच्या भिंतीसमोर येतं आणि कुणाला संकोच होत नाही. मोठ्या क्लबच्या साइटवर पांढरी खुंटी असते, गाडीचा कोपरा त्या खुंटीला धरूनच लावा असं सांगतात, त्यात हेही साधतं. आमची व्हॅन युरोपातून आलेली, तिचं सरकतं दार उजव्या अंगाला. इतरांसारखी मागे घेऊन भिंतीला लावली आणि दार उघडलं तर समोर शेजाऱ्यांच्या तंबूचं दार! ते दोघं चहा पीत बसलेले. आम्ही चौघं पायऱ्यांवरून एकामागून एक उतरलो. नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा होता. रोजचे आठ पौंड तिथेच संपले.

तरी एक सांगते, ते जोडपं आमच्याकडे टक लावून बघत नव्हतं. गाडी मागे घेताना मात्र बघत होतं. ते सगळीकडे सगळेच बघतात, साइटवरचा तो मान्यताप्राप्त करमणुकीचा कार्यक्रम आहे. गाडी लागली की त्यांनी मान खाली घातली. या लोकांचा हा शिष्टाचार शिकण्यासारखा आहे. दुसऱ्याच्या जागेतून आडवं जायचं नाही, नळाला जायचं असेल तर कुंपणाच्या कडेने वळसा घालून जायचं. चालताना नजर वाटेवर. खिडकीत माणूस दिसला तरी न दिसल्यासारखं. तोच माणूस खुर्ची टाकून बाहेर बसला असेल तर ‘मॉर्निंग’ म्हणायचं, आणि खुर्चीचं तोंड रस्त्याकडे असेल तर थांबून कुत्र्याचं नाव विचारायचं. खुर्ची स्वतःच्या गाडीकडे वळवलेली असेल तर पुढे चालू लागायचं. कुणी हे लिहून ठेवलेलं नाही, पण आमच्या मुलीलाही एका दिवसात समजलं.

शेजारी बार्न्सलीचं निवृत्त जोडपं होतं. बेली कंपनीची जुनी कॅरॅव्हॅन, पुढे तंबू, व्हिपेट जातीचा एक हाडकुळा कुत्रा. त्यांच्या पुढच्या तिन्ही खिडक्या उघड्या, पडदे असून बाजूला सारलेले. रात्री दिवा लावून दोघं पत्ते खेळायचे. नाटकासारखं सगळं स्वच्छ दिसायचं. आणि बघत कुणीच नव्हतं, आमच्या आईंखेरीज.

काळ्या काचेचा खरा उपयोग आईंनीच केला. सरकत्या दाराच्या काचेला लागून जी बैठक होती तिथे त्या पोथी घेऊन बसायच्या आणि पोथीवरून बाहेर बघायच्या. “तो लाल स्वेटरवाला आज तिसऱ्यांदा पाणी भरतोय. एवढं पाणी करतात काय गं दोघंच?” मी म्हटलं, “आई, असं बघू नये.” त्यावर, “मी कुठं बघतेय? मी इथं बसलेय. त्यांना दिसत नाही तर त्यांना काय त्रास?” पोथीचं पान मात्र सकाळपासून तेच होतं. या वादात मी हरले.

मग तो प्रसंग झाला. शेजारचे आजोबा नळाकडून परत येताना आमच्या दारापाशी थांबले. बाहेर ऊन होतं, त्यामुळे आमची काच आरसा झालेली. त्यांनी टोपी काढली, टकलावरून हात फिरवला, टोपी पुन्हा नीट बसवली. मग तोंड उघडून खालचा ओठ बोटाने ओढला आणि दातात अडकलेलं काहीतरी नखाने काढायला लागले. काचेच्या आत वीतभर अंतरावर आई, हातात शेंगदाण्याचा लाडू, घास तोंडात तसाच. त्या हलेनात. आजोबांचं काम पूर्ण झालं, त्यांनी दोन्ही बाजूंनी दात तपासले आणि निघून गेले. आई घास गिळून म्हणाल्या, “माझ्याकडं बघून दात कोरले की गं त्यानं!” त्या दिवसापासून मला वाटू लागलं की ही काच आपल्याला लपवत नाही, दुसऱ्यांना उघडं पाडते.

आणि रात्री? रात्री तेवढंही नाही. गाडी देणारा मुलगा छातीठोकपणे म्हणाला होता, “बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही.” हे दिवसा खरं आहे. गडद काचेत जादू काही नसते. जिकडे उजेड जास्त तिकडचं दिसतं. दिवसा बाहेर उजेड, म्हणून बाहेरचा माणूस स्वतःलाच बघतो. संध्याकाळी आत दिवा लागला की बाजू उलटते. मुलगी कुंपणापलीकडच्या मेंढ्या बघून परत आली आणि दारातच म्हणाली, “आजी आमटीत भाकरी कुस्करतेय, मला पार फाटकापासून दिसलं.” एरवी ठीक होतं, पण त्याच्या आदल्या संध्याकाळी मी काचेच्या भरवशावर पडदा न लावता कपडे बदलले होते. कंपनीने दिलेल्या माहितीपत्रकात रात्रीचा पडदा लावा असं एक वाक्य घालायला काय हरकत होती?

शिवाय यॉर्कशायर आहे, वाळवंट नव्हे. ढग आले की गडद काचेमुळे आत दुपारी तीन वाजता दिवा लावावा लागायचा. म्हणजे काळ्या काचेमुळे अंधार, अंधारामुळे दिवा, आणि दिव्यामुळे आतलं सगळं बाहेर. एक दिवस कडक ऊन पडलं तेव्हा मात्र आत गारवा राहिला आणि आईंना दुपारची झोप छान लागली, हे काचेच्या खात्यावर जमा करते. समोरच्या स्वच्छ काचेसाठी चंदेरी जाड पडदा मिळतो, रबरी चकत्यांनी काचेला चिकटवायचा. पहाटे काचेला आतून दव धरतं, चकत्या सुटतात आणि पडदा फटदिशी डॅशबोर्डवर पडतो. रोज. ते आवाज ऐकून व्हिपेट भुंकायचा.

आता जे सांगते त्यानंतर माझं मत पक्कं झालं. नवरा आणि मुलगी मॅलम कोव्हचा चुनखडीचा कडा बघायला गेले होते. मी शेताच्या घरी अंडी आणायला गेले. आई गाडीत एकट्या. पावसाची सर येऊन गेली होती, म्हणून दार लावून घेतलेलं. जमिनीला उतार होता आणि गाडीचं नाक उताराकडे, त्यामुळे दार उघडायचं म्हणजे ते मागे, चढावर ढकलायचं. चाकाखाली ठोकळा घालूनही पूर्ण सपाटी आली नव्हती. आईंना बाहेर यायचं होतं, त्यांनी हँडल ओढलं, दार चार बोटंसुद्धा सरकेना. त्यांनी काचेवर टकटक केली. बाहेरून तेच आजोबा कुत्र्याला घेऊन चाललेले. आईंनी दोन्ही हात हलवले. त्यांनी पाहिलं नाही, पाहणार कसे? आणि ऐकायलाही त्यांना कमी येतं. दुसऱ्या कुठल्याही गाडीत त्यांना खिडकीत हात हलवणारी बाई दिसली असती आणि ते धावले असते.

आईंनी डोकं लढवलं. ओट्यावर हात टेकून ती चिरा पडलेली ॲक्रिलिकची खिडकी बाहेर ढकलली आणि फटीतून जोरात “हॅलो! डोअर! डोअर!” अशी हाक दिली. इंग्लंडात आल्यापासून त्या इतक्या मोठ्याने कुणाशी बोलल्या नव्हत्या. आजोबांनी बाहेरून दार ओढलं, आजीबाई छत्री घेऊन आल्या. मी अंडी घेऊन परतले तर गाडी रिकामी आणि आई शेजारच्या तंबूत, गुडघ्यावर त्यांचं पांघरूण. आजीबाई मला म्हणाल्या, “आम्हाला वाटत होतं तुम्ही रोज दिवसभर बाहेरच असता. खिडकीत कधी कुणी दिसलंच नाही. म्हणून हाकही मारली नाही.” शेजारी तीन दिवस आम्हाला फटकून वागतात असं आम्ही समजत होतो, आणि त्यांच्या दृष्टीने गाडीत कुणी नव्हतंच.

तंबूत टेबलावर हजार तुकड्यांचं कोडं मांडलेलं होतं, रिबलहेडच्या रेल्वे पुलाचं. इथून जवळच आहे तो, सेटल-कार्लाइल मार्गावर, चोवीस कमानींचा. चोवीसही कमानी दिसायला एकसारख्या, त्यामुळे बिचारे आठवडाभर अडकले होते. आईंनी असलं कोडं जन्मात लावलं नव्हतं. पण त्या तांदूळ निवडायला बसतात तशा बसल्या आणि आधी रंगावरून ढीग केले: सावलीतला दगड वेगळा, उन्हातला वेगळा. इंग्रजी त्यांना येत नाही, आजीबाईंची बार्न्सलीची बोली मलाच अर्धी कळत नव्हती. कमानी मोजणं मात्र जोरात चालू होतं, एकीचं ‘नाइन’, दुसरीचं ‘नऊ’, आणि पुढचा तुकडा.

संध्याकाळी नवऱ्याने ठरवलं की गाडी वळवून लावायची, नाक भिंतीकडे. मालकिणीने होकारही दिला. त्यामुळे दार उताराच्या दिशेने उघडलं असतं आणि शेजाऱ्यांच्या समोरूनही हटलं असतं, एका दगडात दोन पक्षी. खरंच चांगला उपाय आहे, तुमच्या गाडीचं दार उजवीकडे असेल तर पहिल्याच दिवशी विचारून बघा. पण आई पायरीवर बसल्या. “दार तिकडं कशाला? तिकडं भिंतच आहे. माझ्या अजून अकरा कमानी राहिल्यात.” मग पुढच्या चाकांखाली आणखी एक ठोकळा गेला, गाडी सपाट झाली, दार एका बोटाने सरकायला लागलं आणि दिवसा उघडंच राहिलं. नवरा दोन दिवस कुरकुरला. तिसऱ्या दिवशी आजोबांबरोबर क्रिकेटवर बोलताना सापडला, खुर्चीचं तोंड बाहेर.

त्याची बाजूही सांगायला हवी. न्हाणीतून बाहेर पडताना, कपडे बदलताना, कुणाला बरं नसताना आडोसा लागतो, आणि वयात येणाऱ्या मुलीला तर लागतोच. त्यासाठी याच गाडीतली एक साधी गोष्ट उत्तम चालली: खिडकीच्या चौकटीत बसवलेला घड्यांचा पडदा. आमच्या गाडीत तो खालून वर यायचा आणि हवा तिथे थांबायचा. अर्ध्यावर आणला की बसलेल्या माणसाचं ताट झाकलं जातं, वरून आभाळ दिसतं, उजेड येतो, आणि उभं राहिलं की शेजाऱ्याला हात करता येतो. तो साध्या काचेच्या गाडीतही असतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. पुढच्या वेळी मी साधी काचच घेणार. फार तर मागच्या पलंगाजवळची काच काळी चालेल, तिथे कुणाशी बोलायचं नसतं.

तर गाडीला पाचपैकी साडेतीन, काळ्या काचांना दीड. बुक करताना तीन गोष्टी फोनवरच विचारून घ्या: सरकतं दार कुठल्या अंगाला आहे, ॲक्रिलिकच्या खिडकीवर फिल्म आहे का, आणि सगळ्या खिडक्यांना चालू स्थितीतले पडदे आहेत का. आम्हाला मागच्या डाव्या दाराचा पडदा अर्ध्यात अडकलेला मिळाला होता. तिथे आम्ही टॉवेल लावला. डिपॉझिट पूर्ण परत आलं. खिडकीच्या चिरांचे फोटो मी कंपनीला पाठवले आहेत, त्याला अजून उत्तर नाही, आणि गाडी पुढच्या आठवड्यासाठी त्याच सूर्यास्ताच्या फोटोंसकट पुन्हा वेबसाइटवर लागलेली दिसते.